दर रेट्रोमध्ये तीच तक्रार येत असेल तर काय तपासावे

पंधरा दिवसांचा स्प्रिंट, म्हणजे सॉफ्टवेअर संघाच्या कामाचा एक टप्पा, संपतो, शुक्रवारी दुपारी रेट्रो, म्हणजे त्या टप्प्यात काय जमले आणि काय बिघडले हे पाहणारी बैठक, होते आणि बोर्डावर तीन चिठ्ठ्या हमखास लागतात: टेस्टिंगला वेळ उरत नाही, रिक्वायरमेंट उशिरा हातात येतात, कोड रिव्ह्यू (सहकाऱ्याने कोड तपासणे) अडकून पडतात. चर्चा होते, सगळे माना डोलावतात, 'यापुढे लक्ष ठेवू' असे ठरते आणि पुढच्या पंधरवड्यात त्याच तीन चिठ्ठ्या, बहुधा त्याच हस्ताक्षरात, पुन्हा बोर्डावर येतात. असे चार-पाच वेळा झाले की माणसे कॅमेरा बंद करून बैठकीला बसू लागतात आणि एखादा ज्येष्ठ सहकारी विचारतो की ही बैठक ठेवायची तरी कशाला. पणजी, पर्वरी, वेर्णा या पट्ट्यातील सॉफ्टवेअर संघांत हे गाऱ्हाणे इतक्या वेळा कानावर येते की त्याचे निदान कसे करावे हे एकदा नीट मांडून ठेवलेले बरे.

या दुखण्यावर सहसा पहिला उपाय होतो तो बैठकीचा साचा बदलण्याचा. 'काय सुरू करावे, काय थांबवावे, काय चालू ठेवावे' हे रकाने जातात आणि त्यांच्या जागी होडी, वारा आणि नांगर यांचे चित्र येते. तेही जुने झाले की आणखी कुठला तरी खेळ शोधला जातो. या दुखण्यापुरता तरी हा उपाय निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. साचा बदलल्याने कंटाळा जातो. पण इथे मूळ अडचण कंटाळ्याची नसते, आपण बोललेल्याचे पुढे काही होत नाही हे लोकांना कळून चुकलेले असते. बाहेरून आलेले काही व्यवस्थापक आणखी एक निदान करतात: गोव्याची माणसे सुशेगाद (आरामात राहणारी), त्यांना बदल नकोच असतो. हेच दुखणे पुण्यात आणि बंगळूरमध्ये याच रूपात आढळते, त्यामुळे या निदानावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

आधी जुनी टिपणे काढा

मागच्या सहा रेट्रोंची टिपणे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडावीत. प्रत्येक तक्रारीसमोर चार गोष्टी लिहाव्यात: नेमके काय ठरले, ते कोणाकडे सोपवले, ते झाले का, आणि झाले असेल तर फरक पडला का. हे काम एका माणसाचे, तासाभराचे आहे आणि ते रेट्रोच्या बैठकीत न करता आधीच करून ठेवावे. टिपणेच सापडली नाहीत, किंवा सापडली पण त्यांत केवळ तक्रारी आहेत आणि निर्णय नाहीत, तर निदान तिथेच झाले. खाली दिलेल्या पहिल्या प्रकाराकडे सरळ वळावे.

तक्ता भरला की प्रत्येक तक्रार साधारणपणे चारपैकी एका खणात पडते. काहींबाबत निर्णय झालेला असतो, पण अंमल झालेला नसतो. काहींबाबत अंमल होऊनही परिस्थिती जशीच्या तशी असते. काही गोष्टी मुळात संघाच्या हातातल्याच नसतात. आणि चौथ्या खणातल्या तक्रारी बोर्डावर दिसतात वेगळ्या, पण त्यांच्या आडून कोणीतरी दुसरेच काही सांगत असते. या चारही प्रकारांवरचे उपाय वेगवेगळे असून एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून हा तक्ता वगळून पुढे जाऊ नये.

एक बाब मात्र या तक्त्यातूनही निसटते. सहा रेट्रो म्हणजे जेमतेम तीन महिने. त्यामुळे वर्षातून एकदा येणारी अडचण त्यांत दिसत नाही. गोव्यात अशा अडचणी ठरलेल्या आहेत. चतुर्थीला संघातली निम्मी माणसे आपापल्या मूळ घरी जातात. कोणाचा गणपती दीड दिवसांचा, कोणाचा पाच, कोणाचा सात, त्यामुळे माणसे एकदम परततही नाहीत. डिसेंबरात ३ तारखेला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची सुट्टी, १९ तारखेला मुक्तिदिनाची आणि पाठोपाठ नाताळ. मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असेल तर तिथल्या कॅलेंडरात यांपैकी पहिल्या दोन सुट्ट्या नसतात आणि स्प्रिंटची आखणी त्याच कॅलेंडरावर होते. आठ जणांच्या संघात दहा कामाच्या दिवसांचे ऐंशी मनुष्यदिवस धरले, तर एका सुट्टीने आठ, म्हणजे दहावा हिस्सा जातो. जोडून घेतलेल्या रजा त्यावर वेगळ्या. मग डिसेंबरच्या रेट्रोमध्ये 'काम उरले' अशी चिठ्ठी लागते आणि जानेवारीत ती सगळ्यांच्या विस्मरणात जाते. यासाठी चतुर्थीच्या आणि डिसेंबरच्या आधीच्या आखणीत गेल्या वर्षीचे त्याच काळातले टिपण उघडण्याचा नियम करावा, आणि गोवा सरकारची सुट्ट्यांची यादी जाहीर झाली की ती संघाच्या कॅलेंडरात भरण्याचे काम एका माणसाच्या नावावर लावून टाकावे.

ठरले, पण झाले नाही

हा सर्वांत मोठा खण असतो. त्याचे कारण आळसात शोधू नये, रोजच्या कामाच्या बोर्डावर शोधावे. स्प्रिंटमध्ये माणूस तेच काम करतो जे या बोर्डावर टिकीट (कामाची नोंद) म्हणून उभे असते, ज्याला एस्टिमेट असते आणि ज्याची स्टँडअपला (रोजच्या छोट्या बैठकीला) विचारपूस होते. रेट्रोत ठरलेली सुधारणा मात्र बैठकीच्या टिपणात राहते. तिला टिकीट नाही, वेळ नाही, विचारणारा कोणी नाही. मग ती होणार कशी?

स्प्रिंट आणि रेट्रो ज्या कार्यपद्धतीत येतात त्या स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेचा इतिहास इथे बोलका आहे. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी २०१७ साली काढलेल्या आवृत्तीत अशी अट होती की मागच्या रेट्रोमधली निदान एक महत्त्वाची सुधारणा पुढच्या स्प्रिंट बॅकलॉगमध्ये (त्या स्प्रिंटच्या कामांच्या यादीत) असलीच पाहिजे. २०२० च्या आवृत्तीत ही अट सैल झाली. सर्वाधिक परिणाम करणाऱ्या सुधारणा शक्य तितक्या लवकर हाती घ्याव्यात आणि त्या स्प्रिंट बॅकलॉगमध्येही घालता येतील, एवढेच तिथे म्हटले आहे. मुरलेल्या संघाला ही मोकळीक ठीक आहे. ज्या संघात तीच तक्रार पुन्हा पुन्हा येते, त्याने २०१७ ची अट स्वतःवर लादून घ्यावी, असे मी सुचवीन.

अट पाळायची तर सुधारणेचे शब्द बदलावे लागतात. 'कोड रिव्ह्यू लवकर करावेत' हे वाक्य टिकीट होऊ शकत नाही, कारण ते पूर्ण झाले की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. तेच असे लिहून पाहावे: 'येत्या स्प्रिंटभर स्टँडअप संपल्यावर पहिला अर्धा तास सर्वांनी प्रलंबित पुल रिक्वेस्ट (तपासणीसाठी पाठवलेले कोडमधले बदल) पाहाव्यात, त्याआधी नवे काम उघडू नये, २४ तासांहून जुनी पुल रिक्वेस्ट उरली असेल तर तिचे नाव दुसऱ्या दिवशीच्या स्टँडअपला घ्यावे.' यात मुदत आहे, कृती आहे, आणि जमले की नाही हे बोर्डाकडे पाहून कळते. त्यासमोर एकाच माणसाचे नाव लिहावे. 'संपूर्ण संघ' असे लिहिलेले टिकीट कोणाचेच नसते. ज्याचे नाव लिहिले त्याने सगळे काम स्वतः करावे असे नाही. ते चालू राहील हे पाहण्याची जबाबदारी तेवढी त्याची.

यात खरी अडचण येते ती प्रॉडक्ट ओनरकडून, म्हणजे कोणते काम आधी घ्यायचे हे ठरवणाऱ्याकडून. सुधारणेसाठी दोन दिवस काढायचे तर तेवढे फीचर मागे पडणार, आणि ते क्लायंटला सांगायचे कोणी? म्हणूनच प्रॉडक्ट ओनर रेट्रोला हजर असावा. तो नंतर टिपण वाचून संमती देईल ही अपेक्षा फोल ठरते. बैठकीतच, सर्वांसमोर, 'ही स्टोरी (फीचरचा छोटा तुकडा) पुढे ढकलून हे घेऊ' असे त्याच्या तोंडून निघाले पाहिजे. तो तयार नसेल तर सुधारणा लहान करावी, पण कागदावरची मोठी सुधारणा स्वीकारू नये. एका रेट्रोतून एक, फार तर दोन सुधारणा घ्याव्यात. सात-आठ निर्णय घेणारी बैठक उत्साहाची वाटते खरी, परंतु पुढच्या तक्त्यात त्यांपैकी बहुतेकांसमोर 'झाले नाही' असेच लिहावे लागते.

आणि पुढच्या रेट्रोची पहिली दहा मिनिटे याच टिकिटाची. नव्या चिठ्ठ्या त्यानंतर.

झाले, पण फरक पडला नाही

इथे संघाने प्रामाणिकपणे काम केलेले असते, म्हणून हा प्रकार अधिक निराश करणारा असतो. कारण बहुधा एकच: लक्षणावर इलाज झाला, मूळ तसेच राहिले.

'टेस्टिंगला वेळ उरत नाही' हेच उदाहरण घेऊ. आठ जणांचा संघ, त्यांत सहा डेव्हलपर आणि दोन टेस्टर. रेट्रोत ठरले की स्टोरी दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारपर्यंत टेस्टिंगला द्यायच्या. बुधवार आला, डेव्हलपरनी धावपळ करून स्टोरी टेस्टिंगला दिल्या, त्यांतल्या काही अर्ध्याकच्च्या होत्या, टेस्टरनी त्या परत पाठवल्या आणि शुक्रवारी चित्र पूर्वीसारखेच. आता बोर्ड उघडून पाहावे की कोणती स्टोरी कोणत्या रकान्यात किती दिवस बसली. ही माहिती जिरा (Jira) यासारख्या कामे नोंदवण्याच्या साधनात आपोआप नोंदलेली असते, पण रेट्रोत ती फारसे कोणी उघडत नाही. सगळी चर्चा आठवणीवर चालते आणि आठवण शेवटच्या तीन दिवसांचीच असते.

समजा असे दिसले की कोणत्याही दिवशी सरासरी बारा स्टोरी उघड्या आहेत आणि आठवड्याला सहा पूर्ण होतात. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला रांगांचा नियम सांगतो की एखादे काम व्यवस्थेत सरासरी किती काळ राहील हे पाहायचे असेल, तर उघड्या कामांच्या संख्येला पूर्ण होण्याच्या गतीने भागावे. बारा भागिले सहा, म्हणजे दोन आठवडे. स्प्रिंटही दोनच आठवड्यांचा. पहिल्या दिवशी घेतलेली स्टोरी सरासरीने शेवटच्या दिवशीच पूर्ण होणार असेल, तर टेस्टिंगला वेळ उरत नाही यात नवल काय? बुधवारच्या मुदतीने हे गणित बदलत नाही. ते बदलते उघड्या कामांची संख्या कमी केल्याने: एका वेळी सहाच स्टोरी उघड्या ठेवल्या आणि गती तीच राहिली, तर प्रत्येकीला सरासरी एक आठवडा लागेल. सहा डेव्हलपर, प्रत्येकाच्या हाती दोन-दोन स्टोरी, हे ज्या संघात रूढ आहे तिथे हा बदल सुरुवातीला जड जातो; हात रिकामा झाला की नवी स्टोरी उघडण्याऐवजी दुसऱ्याचा रिव्ह्यू करायचा किंवा टेस्टरच्या शेजारी जाऊन बसायचे, हे काहींना कमीपणाचे वाटते. तरीही या एका तक्रारीवर मी पाहिलेला सर्वांत खात्रीचा उपाय हाच आहे.

मूळ कारण शोधण्यासाठी 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारण्याची टोयोटाची पद्धत अनेकांना ठाऊक असते. ती उपयोगी आहे, पण तिच्यात एक धोका आहे: तिसऱ्या-चौथ्या 'का'ला उत्तर म्हणून माणसाचे नाव येते आणि चौकशी तिथेच थांबते. 'कारण त्याने रिव्ह्यू केला नाही' हे उत्तर आले की आणखी एकदा विचारावे की त्या दिवशी त्याच्यासमोर दुसरे काय पडले होते.

आपल्या हातात नाही

पावसाळ्यात वीज जाते, सत्तरीतल्या किंवा पेडण्यातल्या घरून काम करणाऱ्याचा व्हीपीएन तुटतो, क्लायंटचे स्टेजिंग (चाचणीसाठीची प्रणाली) आपल्या सकाळी बंद असते कारण तिकडे मध्यरात्र असते. अशा चिठ्ठ्यांवर बैठकीचा अर्धा वेळ जातो आणि निष्पन्न काही होत नाही. प्रत्येक चिठ्ठीसाठी विचारावे: हे आपण करू शकतो, की कोणाला सांगू शकतो, की केवळ धरून चालू शकतो? वीज जाणार हे धरून चालायचे असेल, तर लांबलचक बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचे काम) स्वतःच्या लॅपटॉपवर न चालवता सर्व्हरवर चालवायचे, राउटरला छोटा यूपीएस लावायचा आणि जून-जुलैत रिलीज संध्याकाळी न ठेवता सकाळी ठेवायचे, एवढे तरी संघाच्या हातात उरतेच.

जे वर सांगायचे आहे ते कोण सांगणार, कोणाला सांगणार आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे हे लिहावे. उत्तर नकारार्थी आले तर तेही टिपणात नोंदवावे आणि निदान काही महिने तो विषय रेट्रोत आणू नये. व्यवस्थापनाचा स्पष्ट नकार अधांतरी आश्वासनापेक्षा संघाच्या अधिक उपयोगाचा असतो, कारण त्याभोवती कामाची आखणी तरी करता येते.

बोलायचे एक, बोर्डावर दुसरे

चौथा खण तक्त्यात सहज ओळखू येत नाही. त्याची खूण अशी की रेट्रोत शांत बसलेली माणसे बैठक संपताच खाली चहाच्या गाड्यावर, भजी खाता खाता, नेमके आणि सविस्तर बोलतात. आमच्याकडे यामागे दोन कारणे वारंवार दिसतात.

पहिले भाषेचे. संघातले बहुतेक जण डिचोली, साखळी, फोंडा, म्हापसा इथले. आपसात कोकणी-मराठी बोलणारे. बैठक मात्र इंग्रजीत, कारण पडद्यावर क्लायंटचा एक माणूस असतो. नवख्या टेस्टरला तांत्रिक बाब इंग्रजीत सांगता येते. पण एखाद्या सहकाऱ्याच्या वागण्याने अडचण होते, हे मान राखून इंग्रजीत सांगणे त्याला जमत नाही आणि तो गप्प राहतो. क्लायंटला स्प्रिंट रिव्ह्यूला (झालेले काम दाखवण्याच्या बैठकीला) अवश्य बोलवावे, रेट्रोला बोलवण्याचा आग्रह धरू नये. तो नसेल तर बैठक ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत व्हावी आणि फक्त अंतिम निर्णय इंग्रजीत लिहावा.

दुसरे कारण गोवा लहान असण्याचे. शेजारी बसणारा सहकारी मावसभावाच्या वर्गातला असतो, किंवा दोघांचे देवस्थान एकच असते, जत्रेत गाठ पडणारच असते. 'ताका वायट दिसतलें' (त्याला वाईट वाटेल) या धाकाने चारचौघांत काही बोलले जात नाही. हा संकोच दोष म्हणून काढून टाकण्यासारखा नाही; त्याला वाट करून द्यावी लागते. त्यासाठी सुरुवातीची दहा मिनिटे कोणीही न बोलता प्रत्येकाने लिहावे, चिठ्ठ्या एकत्र मिसळाव्यात आणि ज्याने लिहिले नाही त्याने वाचाव्यात. नॉर्मन कर्थ यांनी २००१ साली रेट्रोसाठी मांडलेली भूमिका अशी की त्या वेळी जे माहीत होते, जी साधने आणि जी परिस्थिती होती, तीत प्रत्येकाने शक्य तितके चांगलेच काम केले असे मानून बोलायला बसावे. हे दर वेळी मोठ्याने वाचून दाखवण्याची काही ठिकाणी प्रथा आहे. मला ती थोडी पाठांतरासारखी वाटते. त्यापेक्षा चिठ्ठी घटनेवर असावी, व्यक्तीवर नसावी, एवढा नियम ठेवावा.

शंका असेल तर बैठकीच्या आरंभी निनावी मतदान घ्यावे: आज मोकळेपणाने बोलता येईल असे किती वाटते, १ ते ५. बहुतेक आकडे २ किंवा त्याखाली आले, तर त्या दिवशी ठरलेला कार्यक्रम पुढे रेटू नये. हे आकडे असे का आले एवढ्यावरच, तेही निनावी चिठ्ठ्यांतून, बोलावे. उत्तर बहुधा खोलीतच बसलेले असते. वार्षिक मूल्यमापन लिहिणारा व्यवस्थापकच स्क्रम मास्टर म्हणून रेट्रो चालवत असेल, तर वरचे कोणतेही तंत्र चालणार नाही. त्याने बाहेर थांबावे, संघाने पाळीपाळीने बैठक चालवावी आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याला बोलावून निर्णय सांगावेत. हे त्याला सांगायचे कोणी, हा प्रश्न उरतोच. त्याच्याच बरोबरीच्या, दुसऱ्या संघाच्या व्यवस्थापकाने एकांतात सांगितले तर ते सर्वांत सहज पचते.

वेळेचा हिशेब

मार्गदर्शिकेनुसार महिनाभराच्या स्प्रिंटला रेट्रोची कमाल मर्यादा तीन तासांची आहे. त्या प्रमाणात दोन आठवड्यांना दीड तास पुरतो. यातला निम्मा वेळ निर्णयासाठी राखून ठेवावा. चिठ्ठ्या लावण्यात आणि गट पाडण्यात तासभर गेला, तर निर्णय शेवटच्या पाच मिनिटांत, लोक बॅगा उचलत असताना होतात, आणि 'यापुढे लक्ष ठेवू' हे वाक्य जन्माला येते ते तिथेच. शुक्रवारी संध्याकाळी पेडण्याची किंवा काणकोणची बस गाठायची असलेल्या माणसाकडून नेमक्या शब्दांतल्या टिकिटाची अपेक्षा ठेवू नये. शक्य असेल तर बैठक सकाळी हलवावी.

हे सारे करून तीन स्प्रिंटनंतर तोच तक्ता पुन्हा भरावा. पहिल्या खणातल्या नोंदी कमी झाल्या नसतील, तर एक रेट्रो सरळ रद्द करावी आणि तिच्यासाठी राखलेला दीड तास सर्वांनी एकत्र बसून सर्वांत जुनी प्रलंबित सुधारणा पूर्ण करण्यात घालवावा. रिव्ह्यूची यादी साफ करणे, स्टेजिंग पुन्हा चालू करण्याची स्क्रिप्ट लिहिणे, सुट्ट्या कॅलेंडरात भरणे, यांपैकी काहीही तेवढ्या वेळात होते. पुढच्या रेट्रोची तारीख ते काम संपल्यावर ठरवावी.